जास्तीचा वाडगा

एका पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, आणि ते पत्र तिजानींना भलत्याच वेळी आठवायचं. दाढीला साबण लावताना, चपलेचा अंगठा शिवून घेताना, नमाजाला रांगेत उभं राहताना. पत्र येऊन चार वर्षं होऊन गेली होती. पाठवणारा काही परदेशात नव्हता. दोन गल्ल्या चढून गेलं की किल्ल्याच्या भिंतीखाली त्याचं घर. डॉक्टर लामीन, लहान मुलांचे डॉक्टर. गावातल्या निम्म्या माणसांचे गोवर-कांजिण्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. आता तेही तिजानींसारखेच निवृत्त.

पत्र साधं होतं; नावाआधी अदबीचं ‘सी’ आणि मोजक्या ओळी. ‘सी तिजानी, वसीलाच्या मयताला तुम्ही आला होता, मागे भिंतीपाशी उभे होता, ते मी पाहिलं. तिनं तुमच्या वाचनालयातून आणलेलं गुलाबाच्या छाटणीचं पुस्तक घरातच राहिलंय. कुणाच्या हाती पाठवावंसं वाटत नाही. रमजान लागतोय. एखाद्या दिवशी या, आमच्याबरोबर रोजा सोडा आणि पुस्तक घेऊन जा.’

उत्तर लिहायला तिजानी त्याच संध्याकाळी बसले होते. पण बायको गेलेल्या माणसाला लिहायचं म्हणजे दोन शब्द सांत्वनाचे हवेत, आणि ते दोन शब्द त्यांना सापडेनात. उभं आयुष्य पुस्तकांत घालवलेला माणूस. दुसऱ्यांची वाक्यं डोक्यात इतकी, की स्वतःचं एकही खरं वाटेना. आज लिहू, उद्या लिहू करता करता तो रमजान संपला. मग ‘उशीर झाला’ हे लिहावं लागणार म्हणून लिहिलं नाही. मग उशीर इतका झाला की त्याला उशीर म्हणायचीही लाज वाटू लागली. डॉक्टर रस्त्यात समोरून दिसले की तिजानी शेजारच्या बोळात वळायचे, मग त्या बोळात काही काम असो वा नसो.

यंदाचा रमजान ऐन थंडीत आला होता. डोंगरावरून येणारा वारा दाराच्या फटीतून आत शिरायचा. मुलगी आणि जावई सूसला नोकरीवर, म्हणून तीन वर्षांची नात ईनास महिनाभर आजीआजोबांकडे होती. दोन दिवस तिला सर्दी होती, विशेष काही नाही. पण त्या दिवशी दुपारची झोप झाल्यावर ती उठली ती खोकतच, आणि तो खोकला ऐकून स्वयंपाकघरातून त्यांची बायको शादलिया पिठाच्या हातांनी धावत आली.

माणसाच्या पोरीचा खोकला नव्हता तो. कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा, कोरडा, पोकळ. आणि खोकल्यांच्या मध्ये श्वास आत घेताना घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज.

“असं कधी ऐकलं नाही मी,” शादलिया म्हणाली. चार मुलं वाढवलेली बाई. तिनं ऐकलं नव्हतं, म्हणजे ते साधं नव्हतं.

तिला जे सुचलं ते तिनं केलं. खिडक्या बंद केल्या, दाराला जुनं घोंगडं लावलं, शेगडीत निखारे घालून खोलीत आणली आणि निखाऱ्यांवर ऊद टाकला. सकाळीच शेजारीण ‘किती गुटगुटीत आहे गं’ म्हणून गेली होती. दृष्टच लागली असणार. खोलीत धूर भरला. ईनास आजीच्या मांडीवर ताठ बसून राहिली. तिला आडवं व्हायचं नव्हतं, रडायचंही नव्हतं. ती नुसती श्वास घेत होती, आणि ते काम तिला पुरेसं होतं.

“अहो, बघत काय बसलात? डॉक्टर आणा.”

“आणतो,” तिजानी म्हणाले. “दवाखान्यात बघतो आधी.”

“दवाखाना! रोजे चालू आहेत, तिथं या वेळी मांजर तरी असेल का? सी लामीनकडे जा सरळ.”

“दवाखान्यात नर्स असेल एखादी...”

शादलियानं त्यांच्याकडे पाहिलं. कपाटाच्या खणातलं पत्र तिलाही ठाऊक होतं. दर ईदेच्या साफसफाईत ती ते झटकून परत तिथंच ठेवायची. “तुमची लाज घरी ठेवून जा,” ती म्हणाली. “मी सांभाळते तिला. पोरीबरोबर तिलाही मांडीवर घेते.”

तिजानींनी लोकरी बुरनूस अंगावर ओढला आणि बाहेर पडले. आणि एवढं ऐकूनही त्यांचे पाय उतारावर वळले, दवाखान्याकडे. रोजा सोडायची वेळ जवळ आली होती. सगळं गाव घराच्या आत ओढलं गेलं होतं. पाव घेऊन पळणारा शेवटचा माणूस त्यांना ओलांडून गेला, भाजीवाल्यानं हातगाडीवर ताडपत्री टाकली. प्रत्येक दारातून शोरब्याचा वास येत होता. दवाखान्याला कुलूप होतं. कुलूप दिसेपर्यंत तिजानींना, देवा क्षमा कर, नाही म्हटलं तरी आशा वाटत होती की कुणी आतून उघडेल आणि चढण चढायची वेळ येणार नाही. ते गाड्यांच्या अड्ड्यावर गेले. केफच्या मोठ्या इस्पितळात नेणारी एखादी गाडी मिळाली तर. अड्ड्यावर एकही गाडी नव्हती. असणार कशी? सगळे ड्रायव्हर घरी ताटासमोर बसलेले.

एक भटकं कुत्रं कोपऱ्यावरून भुंकलं आणि तिजानी जागच्या जागी थिजले. इतका वेळ आपण काय करत होतो? पोर तिकडे श्वासासाठी झगडतेय, आणि आपण एका माणसाचा चेहरा बघायला नको म्हणून गावभर फिरतोय. ते वळले आणि या वयात पळता येईल तितके पळत वर निघाले.

डॉक्टरांच्या निळ्या दारावर त्यांनी हात मारला आणि त्याच क्षणी रोजा सोडायची किल्ल्यावरची तोफ झाली. मिनारावरचे दिवे लागले. अजान सुरू झाली.

दार डॉक्टरांच्या बहिणीनं उघडलं. लल्ला खदूजा, भाऊ विधुर झाल्यापासून घर तीच चालवायची आणि तिचा आवाज तीन घरं सोडून ऐकू जायचा. तिनं दिव्याखाली चेहरा नीट निरखला.

“आता काय म्हणावं या माणसाला? लामीन, बाहेर ये. कोण आलंय बघ. सी तिजानी! तोफेच्या ठोक्याला हजर! अरे भाऊ, चार वर्षं कुठं अडकला होतास, घाटात?”

तिजानींनी तोंड उघडलं. पळून पळून छाती भरून आलेली, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, जीभ टाळ्याला चिकटलेली. आवाज फुटला नाही. आणि रोजा सोडायच्या वेळी दारात उभ्या असलेल्या माणसाला कुणी ‘काय काम आहे’ विचारत नाही. त्याला आत ओढतात. खदूजानं त्यांचा दंड धरला आणि ओढलं.

आत छोट्या मेजावर दोन वाडग्यांतून वाफ निघत होती. तिसरा रिकामा होता.

“बघ, बघ,” खदूजा म्हणाली, “तो वाडगा बघ. पत्र टाकलं त्या वर्षापासून दर रमजानात रोज मांडायला लावतो मला. रोज मांडा, रोज धुऊन ठेवा. मी म्हणायची, अरे तो नाही यायचा, वाडग्याला बिचाऱ्याला उगाच ताटकळत ठेवू नकोस. आज म्हणायची सोय राहिली नाही.”

डॉक्टर लामीन उठून उभे राहिले. उंच माणूस, आता थोडा वाकलेला. त्यांनी तिजानींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“मी...” तिजानी म्हणाले.

“आधी खजूर घ्या,” डॉक्टर म्हणाले. “बोलायला सबंध संध्याकाळ पडलीय.”

खजूर हातात आला, पाण्याचा पेला आला. तिजानी पाणी प्यायले कारण त्याशिवाय बोलता येणार नव्हतं. तेवढ्यात खदूजानं शोरबा ओतला, आणि डॉक्टर बोलू लागले, हळू, खाली बघून, जणू ही वाक्यं फार दिवस घडी करून ठेवली होती.

“तुम्ही याल असं मला वाटायचंच, सी तिजानी. इतर सगळे आले, बोलले, रडले. तुम्ही काही न बोलता उभे होता. मला वाटलं, या माणसापाशी तिच्याबद्दल बोलता येईल. तिचे गुरुवार तुमच्याकडेच जायचे ना...”

तिजानींनी पेला खाली ठेवला. या माणसाचं बोलणं मध्येच तोडायचं? चार वर्षं वाडगा मांडून वाट बघणाऱ्याला सांगायचं, की मी तुझ्यासाठी नाही आलो? याहून मोठा अपमान कुठला? एवढं वाक्य तरी संपू द्यावं. एवढं एक वाक्य. पण त्यांच्या कानात ती बारीक शिट्टी वाजत होती, आणि वाक्यांचं काय, वाक्यं थांबतात.

“सी लामीन,” ते म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की तेच दचकले. “मी तुमच्यासाठी आलो नाही. माझी नात आजारी आहे. तिला श्वास घेता येत नाही.”

खदूजाचा पळा हवेतच राहिला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. तिजानींनी ते पाहिलं, आणि ते त्यांना जन्मभर विसरता येणार नव्हतं. पण उतरलं तसं त्याच्या जागी दुसरंच काही आलं, जुनं, कामाचं.

“वय?”

“तीन.”

“ताप?”

“थोडा.”

“लाळ गळतेय? पाणी गिळते?”

“गिळते. घोटभर प्यायली.”

“खोकला कसा आहे?”

“वेगळाच आहे. म्हणजे... पोकळ. एक प्रकारचा...” वाचनालयातल्या सगळ्या शब्दकोशांनी त्या घटकेला तिजानींना दगा दिला.

“सांगू नका. करून दाखवा.”

मग सी तिजानी, ज्यांना वाचनालयाच्या निरोप समारंभात आभाराचं एक वाक्य बोलता आलं नव्हतं, ते परक्याच्या घरी, वाफाळत्या शोरब्यासमोर, एका बाईच्या देखत उभे राहिले, मान पुढे केली आणि भुंकले. एकदा भुंकले, मग श्वास आत ओढून ती शिट्टी काढली, आणि पुन्हा भुंकले.

दुसऱ्यांदा भुंकेपर्यंत डॉक्टरांनी कोट घातला होता.

“घशाला सूज आहे,” ते म्हणाले. “चला. खदूजा, माझी पेटी.”

“दोन घास तरी...”

“पेटी, खदूजा.”

ती पेटी घेऊन आली आणि दारात तिजानींच्या हातात खजुरांची पुडी कोंबत म्हणाली, “एवढं छान भुंकतोस, भाऊ, तर चार वर्षांत आमच्या दाराशी एकदा तरी भुंकायचंस.”

उतारावर डॉक्टर घरातल्या सपाता घालूनच चालत होते. तिजानी पुढे, ते मागे.

दार उघडलं तसा उदाचा धूर अंगावर आला. डॉक्टर उंबऱ्यातच खोकले. “बाई, ही शेगडी बाहेर. आत्ता. खिडकी उघडा.”

“उघडा?” शादलियाला खरं वाटेना. “थंडीनंच तर झालंय.”

“तेही असेल. पण आता तिला तीच थंडी हवीय, आणि धूर मुळीच नकोय. घोंगडं द्या मला. रडवू नका, घसा तपासायला तोंड उघडू नका, हसत राहा. तुम्ही हसा, बाई, मी रागावलेलो नाही.”

शादलिया हसली. ते रडण्याच्या इतकं जवळ होतं की तिजानींनी नजर फिरवली. डॉक्टरांनी ईनासला घोंगड्यात गुंडाळलं, खांद्याशी धरलं आणि अंगणात लिंबाच्या झाडाखाली नेलं. तोंड तेवढं उघडं. छातीला कान लावला, बरगड्यांकडे पाहिलं, तिच्याशी चांदण्यांबद्दल काहीतरी बोलत राहिले. थंड वारा तिच्या नाकातोंडात गेला. ती खोकली, पुन्हा खोकली. मग शिट्टी थोडी खाली आली.

“सुजेवरचे थेंब लागतील,” डॉक्टर म्हणाले. “माझ्याकडचे जुने झालेत. फाखिरकडे मिळतील, दुकानाच्या वरच राहतो. माझं नाव सांगा. त्याला गाडीही तयार ठेवायला सांगा. ही अशीच सुधारली तर लागणार नाही, पण छाती आत ओढली जाऊ लागली तर आपण केफला निघू. जाल ना?”

त्या ‘जाल ना’मध्ये टोमणा नव्हता. पण तिजानींना कळलं की हे विचारण्याइतपत हा माणूस आपल्याला ओळखतो.

औषधवाल्या फाखिरच्या जिन्यावर पुन्हा तोच शोरब्याचा वास. दार किलकिलं झालं, फाखिरच्या बायकोचा चेहरा उजळला. “अगं बाई, सी तिजानी! या, या, बसा, ब्रीक आत्ताच तळलेत, गरम...”

“बसत नाही,” तिजानी उंबऱ्याच्या बाहेरूनच एका दमात म्हणाले. “जेवत नाही, पाणीही नको. नात आजारी आहे, सी लामीन माझ्या घरी आहेत, तीन वर्षांच्या मुलीला घशाच्या सुजेचे थेंब हवेत, दुकान उघडा आणि गाडी तयार ठेवा. उद्या हवं तर माझ्यावर रागवा.”

फाखिर तोंडातला घास गिळत, किल्ल्या चाचपत आला. “रागावतोय कोण? पण सी तिजानी, तुम्ही एवढं बोलता हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.”

थेंब साखरपाण्यातून गेले. मग नुसती वाट बघायची होती. डॉक्टर अंगणात फेऱ्या घालत राहिले. दमले तेव्हा तिजानींनी ईनासला घेतलं आणि अगदी तशाच फेऱ्या घातल्या, तेवढ्याच संथ. रात्रीच्या तरावीहच्या नमाजाला जाणारी माणसं दारावरून गेली, आणि तीच माणसं परतायला लागली तेव्हा तिजानींच्या लक्षात आलं की शिट्टी ऐकू येत नाहीये. त्यांनी घाबरून कान तिच्या तोंडाशी नेला. ती झोपली होती. श्वास येत होता, जात होता, काही आवाज न करता.

“आडवं करा,” डॉक्टर म्हणाले. “उशी थोडी उंच. पहाटे पुन्हा खोकेल, घाबरू नका. मी येतो सहरच्या वेळी, रोजा धरायच्या आधी. आणि गाडी लागणार नाही असा निरोप फाखिरला द्या, झोपू दे बिचाऱ्याला.”

शादलियानं शोरबा गरम केला. थंड झालेले ब्रीक खरं तर पुन्हा तळत नाहीत, पण तिनं तळले. डॉक्टरांनी आणि तिजानींनी खऱ्या अर्थानं रोजा तेव्हा सोडला, खदूजाच्या पुडीतल्या खजुरांनी.

“बघा,” डॉक्टर ओठ पुसत म्हणाले, “बोलावलं मी होतं, आणि जेवतोय मी तुमच्याकडे. मी चार वर्षं पोस्टमनच्या नावानं बोटं मोडत होतो.”

“पत्र मिळालं होतं,” तिजानी वाडग्यात बघत म्हणाले. “लिहायला बसलोही होतो. मला... चांगलं लिहिता आलं नाही.”

“चांगलं कुणी मागितलं होतं?”

तिजानींनी त्यांच्या वाडग्यात आणखी शोरबा वाढला.

“पुस्तक अजून माझ्याकडेच आहे,” जाता जाता डॉक्टर म्हणाले. “आज घेऊन जायचं विसरलात.”

“आज...”

“ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो, परत या. बिनकामाचे या एकदा.”

दोन दिवस खोकला पहाटेचा येऊन गेला आणि मग नुसती सर्दी उरली. तिसऱ्या दिवशी ईनास ऊन अंगावर घेत अंगणात बसली होती आणि आजोबांच्या मागे लागली होती. “अजीजी, भुंका ना.” ही बातमी घरात खदूजानं आणली होती, हे उघड होतं.

तिजानी कागद घेऊन बसले. पहिल्या कागदावर त्यांनी दैवाबद्दल आणि धीराबद्दल एक लांबलचक वाक्य लिहिलं, वाचलं, आणि ते कुणाचं तरी आहे असं वाटून फाडलं. मग डोळे मिटले तर लल्ला वसीला दिसली, वाचनालयाच्या मेजापलीकडे. त्यांनी लिहिलं:

‘सी लामीन, तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. लल्ला वसीला गुरुवारी बागेतून थेट यायच्या. पुस्तक हातात घेण्याआधी दोन्ही हात शालीच्या टोकाला पुसायच्या, आणि तरीही परत आलेल्या पुस्तकांत माती असायची. मी ती कधी झटकली नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. शनिवारी आम्ही तिघं तोफेच्या आधी येतो. वाडगे आणखी दोन लागतील. तिजानी.’

पुन्हा वाचायच्या आत त्यांनी पाकीट चिकटवलं.

“दोन गल्ल्या वर तर घर,” शादलिया म्हणाली. “तिकीट कशाला? हातात नेऊन द्या.”

“पत्र टपालानं आलं होतं.”

“आणि शनिवारच्या आत पोचलं नाही तर?”

“तर आपण आधी पोचू.”

ईनासला दोन स्वेटर घालून, टोपरं बांधून त्यांनी कडेवर घेतलं आणि चौकातल्या पिवळ्या पेटीपाशी गेले. पाकीट फटीत धरलं. ‘माती’ हा शब्द बरोबर आहे का? बायको मातीत गेलेल्या माणसाला ‘माती’ लिहावं का? ते तसेच उभे राहिले, पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर.

“मी टाकू?” ईनासनं विचारलं.

“नको,” तिजानी म्हणाले. “मीच टाकतो.” आणि बोटं सोडली.